गद्यातला अलंकार कुठे शोधायचा?



अध्यापकांच्या या अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून थेट विषयाला हात घालतो. इंग्रजी गद्यातले अलंकार आपल्या विद्यार्थ्यांना दिसत नाहीत. कवितेच्या ओळीखाली रेघ मारून ‘फिगर ऑफ स्पीच ओळखा’ म्हटले, की मुले सिमिली, मेटॅफर, पर्सोनिफिकेशन अशी नावे भराभर सांगतात. तीच मुले डिकन्सचे पान वाचतात तेव्हा त्यांना फक्त गोष्ट दिसते. याचे मूळ आपल्या शिकवण्यात आहे. अलंकार म्हणजे कवितेचा विषय, असे आपण वर्गात न बोलता ठरवून टाकले आहे, आणि परीक्षेतला प्रश्नही बहुधा कवितेच्याच उताऱ्यावर येतो. पण युरोपात अलंकारांचा अभ्यास वाढला तो वक्तृत्वाच्या अंगाने. ॲरिस्टॉटल आणि क्विंटिलियन यांच्या डोळ्यांसमोर सभेत आणि न्यायालयात बोलणारा माणूस होता, आणि तो गद्यच बोलत होता.

ओळखायचे कसे? एखादा ठरावीक शब्द शोधून अलंकार सापडत नाही. ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ दिसला की सिमिली, हे सूत्र आपण मुलांकडून पाठ करून घेतले आणि त्याने फार नुकसान केले. ‘ही इज ॲज टॉल ॲज हिज ब्रदर’ या वाक्यात नुसते माप आहे. न्यायशास्त्रात ‘गाईसारखा गवा’ हे उपमान प्रमाणाचे उदाहरण देतात. त्यावरून रानात अनोळखी प्राण्याची ओळख पटते. पण आपल्या आलंकारिकांनी त्याला उपमा अलंकार मानले नाही, कारण त्यात चमत्कृती नाही. मराठीच्या तासाला उपमेय, उपमान आणि साधर्म्य शिकून आलेल्या मुलाजवळ हा विवेक असतो. इंग्रजीच्या तासाला आपण तो वापरूच देत नाही, याचे मला दुःख होते. आय. ए. रिचर्ड्स यांनी १९३६ साली मेटॅफरमधले ‘टेनर’ आणि ‘व्हेइकल’ वेगळे करून दाखवले. उपमेय-उपमान जाणणाऱ्या मुलाला ती मांडणी जड जाऊ नये.

गद्यात चित्रमय अलंकारांपेक्षा रचनेचे अलंकार जास्त काम करतात. जॉन्सनचे वाक्य तोलून पाहा: एका बाजूला जेवढे शब्द, दुसऱ्या बाजूला जवळजवळ तेवढेच, आणि मधे विरोध. मेकॉलेने हाच अँटिथेसिस धारदार करून वादासाठी वापरला. या वाक्यांत उपमा नाही, रूपक नाही. म्हणून आपला विद्यार्थी ‘इथे अलंकार नाही’ म्हणून पुढे जातो. विष्णुशास्त्री चिपळूणकर असे पुढे गेले नाहीत. वडील कृष्णशास्त्र्यांनी हाती घेतलेले जॉन्सनच्या ‘रासेलस’चे भाषांतर त्यांनी पुरे केले, मेकॉले मनापासून वाचला, आणि १८७४ पासून ‘निबंधमाले’त मराठी वाक्याला जो डौल दिला त्यात या वाचनाचा वाटा मोठा आहे. इंग्रजी गद्याची वीण ओळखणारा वाचक मराठी गद्यासाठी काय करू शकतो, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

आता डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’कडे वळतो, कारण गद्यातल्या अलंकाराचा खरा विस्तार तिथे दिसतो. १८५२-५३ मध्ये ही कादंबरी मासिक हप्त्यांतून निघाली. पहिल्याच प्रकरणात लंडनवर नोव्हेंबरचे धुके आहे. डिकन्स तो एकच शब्द पुन्हा पुन्हा वाक्याच्या तोंडाशी ठेवतो आणि वाक्यांना मुख्य क्रियापदच देत नाही. हा ॲनाफोरा. नदीवरून, काठावरून, जहाजांतून ते धुके माणसांच्या घशापर्यंत पोचते, आणि वाक्ये क्रियापदाविना जागच्या जागी थांबून राहतात. इथवर धुके खरोखरीचे आहे. मग लेखक चॅन्सरी न्यायालयात शिरतो. धुक्याच्या ऐन गाभ्यात लॉर्ड चॅन्सेलर बसलेला आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या न संपणारा जार्नडाइसचा खटला चालू आहे. हवामान आता न्यायव्यवस्थेचे रूपक झाले. ते नेमके कोणत्या वाक्यात झाले? बोट ठेवून दाखवता येत नाही. अलंकार परिच्छेदांवर पसरलेला आहे. एक ओळ सुटी काढून विचारण्याची आपली रीत इथे निरुपयोगी ठरते. मुलांना तीन पाने सलग वाचायला दिल्याशिवाय हे रूपक कळणार नाही.

आयरनीचे तर याहून अवघड. स्विफ्टचा १७२९ चा ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’ घ्या. आयर्लंडमधल्या गरिबांची तान्ही मुले श्रीमंतांच्या ताटात वाढावीत, अशी सूचना एक सभ्य गृहस्थ आकडेमोड करून मांडतो. सुटे वाक्य काढले तर ते एखाद्या अर्थशास्त्र्याच्या टिपणासारखे सरळ वाटते. उपरोध आहे तो बोलणारा माणूस आणि लिहिणारा स्विफ्ट यांच्यातल्या अंतरात. आपल्याकडे शिवराम महादेव परांजपे यांनी १८९८ मध्ये पुण्यात ‘काळ’ सुरू केला आणि व्याजोक्ती, व्याजस्तुती यांचा असाच उपयोग परकी राज्यसत्तेविरुद्ध केला. वाचक ओळींमागचा अर्थ ओळखत होते. सरकारनेही तो ओळखला, आणि १९०८ मध्ये परांजप्यांना राजद्रोहासाठी शिक्षा झाली. गद्यातला अलंकार ओळखणे ही गंमत म्हणून करायची गोष्ट नाही, हे मी यावरून म्हणतो.

लायटोटीज, मेटॉनमी यांविषयी आज फार बोलत नाही. ‘नॉट अनकॉमन’ आणि ‘व्हाइट हाउसने निर्णय घेतला’ ही रोजच्या वर्तमानपत्रातली उदाहरणे आपल्यापैकी प्रत्येकजण देऊ शकेल. युफेमिझमकडे मात्र दुर्लक्ष नको. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ च्या ‘पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज’ या निबंधात दाखवले, की निराधार खेड्यांवर बॉम्ब टाकायचे आणि त्याला ‘पॅसिफिकेशन’ म्हणायचे, अशा शब्दांनी क्रौर्य कसे झाकले जाते. त्याच निबंधात त्याने मरत चाललेल्या मेटॅफरची गोष्ट काढली आहे. लेखक चित्र न पाहताच ते वापरतो, आणि वाचकालाही ते दिसेनासे होते. आपली मुले मोठेपणी कंपन्यांची पत्रके, सरकारी निवेदने, युद्धाच्या बातम्या इंग्रजीत वाचणार आहेत. अशा शब्दांपाशी त्यांना अडखळता आले पाहिजे.

वर्गात मी एक साधी कसोटी वापरतो. संशय आलेले वाक्य घ्यायचे, ते सरळ, बिनसजावटीच्या इंग्रजीत पुन्हा लिहायचे आणि दोन्ही शेजारी ठेवायची. काही हरवले नाही, तर अलंकार नव्हता किंवा तो मेलेला होता. हरवले असेल तर काय हरवले ते विद्यार्थ्याने दोन वाक्यांत, हवे तर मराठीतही, सांगायचे. नाव त्यानंतर. मेटॉनमी की सिनेक्डकी यावर मुले अडली तरी मी घाई करत नाही. संबंध शेजारचा आहे की अंश आणि पूर्णाचा, हे ती बोलता बोलता शोधतात.

उद्याच्या खुल्या सत्रापुढे मी दोन सूचना ठेवतो. प्रश्नपत्रिकेत अलंकाराचा निदान एक प्रश्न सलग गद्य उताऱ्यावर असावा, आणि त्याच्या गुणांपैकी निम्म्याहून अधिक गुण अलंकाराने त्या जागी काय साधले हे सांगण्याला असावेत. दुसरी सूचना अशी, की मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी वर्षातून काही तास एकाच वर्गात एकत्र घ्यावेत, एकाने परांजप्यांचा निबंध घेऊन, दुसऱ्याने स्विफ्टचा. या दोन्हींवर उद्या सविस्तर चर्चा व्हावी, अडचणी मांडल्या जाव्यात, आणि जमले तर ठराव करून तो अभ्यास मंडळाकडे पाठवावा, अशी माझी आपणा सर्वांना विनंती आहे.