पळणाऱ्याची पिशवी आणि पंचांची सही
(साखरा, जि. हिंगोली येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



रात्री गावात पोलिसांची गाडी शिरली की जुगाराच्या अड्ड्यावरचा पळतो, हातभट्टीवाला पळतो, आणि या दोहोंशी काडीचा संबंध नसलेला पारधी समाजातला तरुणही पळतो. पळताना कोणीतरी पिशवी टाकतो. सकाळी ती कोणाच्या नावावर चढते, हा प्रश्न आहे.

पोलिसांनी बेकायदा पाठलाग केला असेल तर सापडलेला माल न्यायालय विचारात घेणार नाही, अशी समजूत आपल्यात बरीच पसरलेली आहे. ती अमेरिकेतून आली आहे, आणि तिथेही ती पूर्ण खरी नाही. कॅलिफोर्नियातील एका खटल्यात, पोलिसांना पाहून पळणाऱ्या मुलाने फेकलेले कोकेन तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली ग्राह्य ठरवले. फेकण्याच्या क्षणी तो पोलिसांच्या ताब्यातच नव्हता, हे त्याचे कारण.

आपल्याकडे तर दार याहून मोठे उघडे आहे. वस्तू खटल्याशी संबद्ध आहे काय, एवढेच न्यायालय पाहते. ती कशी मिळवली हे सहसा नंतरचे. मुंबईच्या कॉरोनरांविरुद्धच्या मलकानी खटल्यात पोलिसांनी ध्वनिमुद्रित केलेले टेलिफोनवरील संभाषण 1972 साली ग्राह्य ठरले. पूरनमल खटल्याने 1973 साली हेच तत्त्व झडतीला लावले. अमली पदार्थांच्या कायद्यात अंगझडतीचे नियम मोडल्यास तो माल बेकायदा बाळगल्याचा पुरावा होत नाही, असे बलदेवसिंग खटल्यात 1999 साली ठरले खरे. पण पिशवी म्हणजे अंग नव्हे, हे 2005 च्या पवनकुमार निकालाने स्पष्ट केले. मग फेकलेल्या पिशवीला ते संरक्षण कोठून मिळणार?

पूरनमलचा निकाल ज्या 1954 च्या शर्मा निकालावर उभा होता, त्यातील खाजगीपणाविषयीचे मत नऊ न्यायाधीशांनी 2017 साली रद्द ठरवले. पाया खचला, इमारत मात्र उभी आहे. ती पुन्हा तपासली जावी ही मागणी रास्त आहे. परंतु तोवर तालुक्याच्या न्यायालयातील आरोपीला तिचा उपयोग नाही.

त्याचा खरा बचाव वेगळा आहे. वस्तू न्यायालयात येईल. ती त्याच्याच हातातून पडली, हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे. पळणे हे वर्तन म्हणून नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 6 खाली पुढे येते. पण निरपराध माणूसही भेदरून पळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1971 च्या मातरू खटल्यातच मान्य केले आहे. ज्यांच्या आजोबापणजोबांना 1871 च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि 1952 पर्यंत तसेच ठेवले, त्यांच्या भेदरण्याला आणखी पुरावा कशाला हवा?

म्हणून सारा भार पंचनाम्यावर येतो, आणि पंच गावातलेच असतात. दुसऱ्या दिवशी ठाण्यात बोलावून तयार कागदावर सही मागितली जाते. पाटलाला नाही म्हणवत नाही, शेतमजुराची तर छातीच होत नाही. जप्तीचे चित्रीकरण नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने आता आवश्यक केले आहे. पंचाने ते झाले का, हे विचारावे. उजेड कशाचा होता, पिशवी टाकताना कोणी पाहिले, किती अंतरावरून, जागेवरच मोहोर लागली का, हे कागदावर आल्याशिवाय सही करू नये. जे पाहिले नाही ते पाहिल्याचे लिहिले असेल, तर मुळीच करू नये.