टिकली तोडली होती का?

मी नोएडाहून बोलतोय. मागच्या भागानंतर काही जणांनी विचारलं की तुमच्या मागच्या कपाटात एवढ्या जुन्या कॅसेट कसल्या दिसतात. म्हटलं, आज त्यांच्याबद्दलच बोलू.

यातल्या निम्म्या इंग्रजी विनोदी कार्यक्रमांच्या आहेत. ‘मॉन्टी पायथन’, ‘टू रॉनीज’, ‘मिस्टर बीन’. बाबांच्या ऑफिसातले एक साहेब लंडनला जाऊन-येऊन असत, ते आणायचे. इथे एक गंमत सांगतो. अमेरिकेतून आणलेली कॅसेट आपल्या साध्या व्हीसीआरवर नीट चालत नसे, कारण तिकडची चित्रपद्धत एनटीएससी. ब्रिटनची मात्र पाल, आणि आपलीही पाल. त्यामुळे लंडनच्या दुकानातली कॅसेट पहाडगंजच्या दोन खोल्यांत बिनतक्रार लागायची. पुढे डीव्हीडी आली आणि ही सोयरीक मोडली. ब्रिटनचा विभाग क्रमांक दोन, भारताचा पाच. ब्लू-रेमध्ये त्यांचा बी, आपला सी. मग लोक पालिका बाजाराच्या पायऱ्या उतरायला लागले. तिथे विभागबिभाग कोणी विचारत नसे. (मीही उतरलो आहे, खोटं कशाला बोलू.)

आता या कॅसेटचं महत्त्व काय, ते सांगतो. आज आपल्याला वाटतं, बीबीसीसारख्या संस्थेकडे सगळं जपून ठेवलेलं असणार. तसं नाही. पीटर कुक आणि डडली मूर या जोडीचा ‘नॉट ओन्ली बट ऑल्सो’ नावाचा कार्यक्रम 1965 ते 1970 या काळात बीबीसीवर झाला. दोघं जण टोप्या घालून बाकावर बसणार आणि जगातल्या कुठल्याही विषयावर अतिशय गंभीर चेहऱ्याने अडाणी गप्पा मारणार. आपल्याकडच्या पारावरच्या गप्पाच म्हणा. तर या कार्यक्रमाचा बराचसा भाग बीबीसीने स्वतःच पुसून टाकला. त्या काळी दोन इंच रुंदीची टेप असे, ती महाग होती आणि पुन्हा वापरता येत होती. शिवाय कलावंतांच्या करारांमुळे एखादा कार्यक्रम परत परत दाखवायला मर्यादा होत्या. मग दाखवायचा नाही तर ठेवायचा कशाला, असा हिशोब. पीटर कुकने सांगितलं होतं की नव्या टेपचे पैसे मी देतो, पण जुन्या पुसू नका. ऐकलं नाही. 1990 मध्ये बीबीसीने जे उरलं होतं ते गोळा करून दाखवलं, आणि त्याला नावच दिलं ‘जे उरलंय त्यातलं उत्तम’ अशा अर्थाचं. विनोदी माणसांच्या कार्यक्रमाला याहून कडू नाव मिळालं नसेल.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. ‘ॲट लास्ट द 1948 शो’. नावात 1948 असलं तरी कार्यक्रम 1967 चा, आणि बीबीसीचा नव्हे, खासगी वाहिनीचा. पुढे ‘मॉन्टी पायथन’मध्ये गाजलेले जॉन क्लीज आणि ग्रॅहम चॅपमन यात होते. चार श्रीमंत माणसं महागडी दारू पीत बसली आहेत आणि लहानपणी आपण किती गरीब होतो याच्या बढाया मारताहेत, ही नाटिका तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. आमच्या वेळी, म्हणत प्रत्येक जण आधीच्यापेक्षा जास्त गरीब होत जातो. लोक ती ‘पायथन’ची समजतात, कारण त्यांनी ती पुढे रंगमंचावर केली. मूळ ती या कार्यक्रमातली. याचे एकूण तेरा भाग, आणि त्यातले बरेचसे नाहीसे झालेले होते. मग काय झालं? काही तुकडे परदेशी वाहिन्यांसाठी केलेल्या संकलनात सापडले. दोन भाग डेव्हिड फ्रॉस्ट यांच्या संग्रहात निघाले, ते 2014 मध्ये जाहीर झालं. आणि काही ठिकाणी चित्र नाहीच, फक्त आवाज आहे. तो कुठून आला? कुणीतरी टीव्हीसमोर घरचा टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता. आवडलं म्हणून. 2019 मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने हे सगळं जुळवून डीव्हीडी काढली. म्हणजे वाहिनीने जे राखलं नाही त्यातलं काही एका प्रेक्षकाच्या हट्टामुळे राहिलं.

आपल्याकडे याहून वेगळं नव्हतं. दूरदर्शन सुरू झालं ते आमच्या दिल्लीत, 15 सप्टेंबर 1959 ला, आकाशवाणी भवनातून. आणि मराठी माणसाला आनंद वाटावा अशी गोष्ट म्हणजे त्या सुरुवातीच्या दिवसांत तिथे पु. ल. देशपांडे होते. बीबीसीत दूरचित्रवाणीचं प्रशिक्षण घेऊन आलेले. नेहरूंची दूरदर्शनवरची पहिली मुलाखत त्यांनी घेतली. मुंबई केंद्र त्यानंतर तेरा वर्षांनी, 1972 च्या 2 ऑक्टोबरला सुरू झालं. तिथला ‘गजरा’ आठवतो का? छोट्या छोट्या नाटिका. आपल्याकडचा खरा स्केच कार्यक्रम तोच. आणि ‘चिमणराव’? प्रभावळकर आणि बाळ कर्वे. माझी आई सुट्टीत दादरला माहेरी गेली की ते बघायची आणि दिल्लीला परत येऊन आम्हाला करून दाखवायची. मी ‘गजरा’ पहिल्यांदा पाहिला तो आईच्या अंगविक्षेपांतून. टेप महाग आणि पुन्हा वापरायच्या, हा हिशोब इथेही तोच होता.

हे सगळं मी तावातावाने सांगतोय, पण आता खरं काय ते सांगतो. पुसणाऱ्यांत मीही आहे.

दिल्लीतल्या मराठी मंडळांचे गणेशोत्सव तुम्हाला माहीत आहेत. दहा दिवस रोज काहीतरी. 1993 साली आमच्या मंडळात बाबांनी एक नाटिका लिहिली आणि केली. सोलापूरहून नुकताच बदलून आलेला एक कारकून. हिंदी बेताची. साहेब त्याला सांगतात, उद्यापासून तुझं टेबल समोरच्या इमारतीत. तो जाऊन पाहतो तर पाटी: ‘शिक्षा निदेशालय’. त्याला घाम फुटतो. आपण असा काय गुन्हा केला? आत गेल्यावर शिपाई प्रेमाने विचारतो, ‘आप शिक्षा के लिए आए हैं?’ आणि पुढे एक बाई तक्रार करतात की माझ्या मुलाला अजून शिक्षा मिळाली नाही, कधीपासून अर्ज दिलाय. बाबा तो कारकून झाले होते. पंधरा मिनिटांचं काम, पण लोक खुर्च्यांवरून घसरत होते. ऑफिसातल्या त्याच साहेबांनी आपला कॅमेरा आणून ते चित्रित केलं आणि कॅसेट करून दिली.

कॅसेटच्या कडेला एक छोटी प्लॅस्टिकची टिकली असते. ती तोडली की मशीन त्या कॅसेटवर रेकॉर्ड करत नाही. विकत मिळणाऱ्या कॅसेटला ती नसतेच. म्हणून तर बाबांचा ‘मॉन्टी पायथन’ सुखरूप राहिला.

9 मार्च 1996. वर्ल्ड कपचा भारत-पाकिस्तान सामना, बंगळूर. मी पंधरा वर्षांचा. कोरी कॅसेट घरात नव्हती. एक बिननावाची दिसली, टिकली शाबूत, मी घातली आणि बटण दाबलं. जडेजाने वकारला धुतलं ते सगळं माझ्याकडे आहे, हवं तर दाखवतो. त्याच्या खाली बाबा होते.

बाबांना मी दोन दिवसांनी सांगितलं. ते म्हणाले, ‘मॅच नीट आली का?’ एवढंच. पुढच्या गणपतीत मंडळातल्या काकूंनी ती नाटिका परत करा म्हणून आग्रह केला. बाबांनी केली नाही. वहीही सापडत नव्हती. बाबा 2009 मध्ये गेले. मघाशी मी जी गोष्ट सांगितली ती माझ्या आणि आईच्या आठवणीतली. त्यातल्या तक्रार करणाऱ्या बाई शेवटी काय म्हणतात यावर आमचं आजही एकमत नाही.

त्यामुळे मला कोणी म्हणालं की आता सगळं ऑनलाइन असतं, कॅसेट आणि डिस्क कशाला हव्यात, तर मी जरा थांबतो. ‘लिटल ब्रिटन’ हा ब्रिटिश कार्यक्रम 2020 च्या जूनमध्ये एकदम तीन ठिकाणांहून काढला गेला. त्यातले चेहरा काळा करून केलेले विनोद मलाही आवडत नाहीत. पण ज्याच्याकडे डीव्हीडी होती तो ते पाहून स्वतःचं मत बनवू शकत होता. उलट ‘मिस्टर बीन’चा न्हाव्याच्या दुकानातला भाग आठवतो? तो 1995 मध्ये थेट व्हिडिओ कॅसेटवरच आला, टीव्हीवर कितीतरी वर्षं दाखवलाच नव्हता. ज्याने कॅसेट घेतली त्यानेच पाहिला.

आता एक कामाचं. माझा व्हीसीआर मी लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटातून दुरुस्त करून आणलाय. तिथले वयस्कर मेकॅनिक म्हणाले, ‘बेटा, हेड अब नहीं मिलते, संभाल के चलाना।’ तेव्हा तो किती दिवस चालेल सांगता येत नाही. दिल्ली, नोएडा, गुडगाव, फरीदाबाद, गाझियाबाद इथल्या ज्या मंडळींकडे मंडळाच्या कार्यक्रमांच्या, घरच्या मुंजी-बारशांच्या जुन्या कॅसेट असतील त्यांनी त्या आणाव्यात, मी संगणकावर उतरवून देतो. पैसे नाहीत. पावसाळ्यात बुरशी धरलेली असेल तर स्वतः मशीनमध्ये घालू नका, टेप तुटते आणि हेडही खराब होतं. उघडून आधी साफ करावी लागते, ते मी करीन. वरचं लेबल खरं असेल असं समजू नका. ‘हम आपके हैं कौन’ लिहिलेल्या एका कॅसेटमध्ये परवा पिक्चर संपल्यावर कुणाच्या तरी आजीचं भजन निघालं, साडेचार मिनिटं.

आणि आणण्याआधी घरीच टिकली तोडा.