बांधावरचा पळस आणि गावाची रंगपंचमी
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माघ सरता सरता आपल्या शिवारातील एक झाड पाने झाडून मोकळे होते आणि फाल्गुनात केशरी फुलांनी भरून जाते. ते कोणी मुद्दाम लावलेले नसते, त्याला कोणी पाणीही दिलेले नसते. "कुठेही जा, पळसाला पाने तीनच" असे आपण सहज म्हणतो. पण बांध सपाट करायचा झाला की पहिली कुऱ्हाड याच पळसावर पडते. आज मी त्याच्या बाजूने चार शब्द सांगणार आहे.

पळसाची पाने पत्रावळी आणि द्रोणांसाठी, डिंक औषधासाठी आणि फांद्या लाखेच्या किड्यासाठी उपयोगी पडतात, हे आपणांस ठाऊक आहे. रंगपंचमीचा रंगही याच फुलांचा असे. बाजारातील पुड्या आल्या आणि ही रीत मागे पडली. पुडीतल्या रंगात काय मिसळले आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. पळसाचा रंग मात्र आपल्या डोळ्यांसमोर तयार होतो.

इतर प्रांतांत या फुलाने गावांना नाव मिळवून दिले आहे. मथुरा जिल्ह्यातील बलदेव येथे दाऊजींच्या मंदिरात होळीनंतर 'हुरंगा' होतो. तेथे टेसूच्या, म्हणजे आपल्या पळसाच्याच, फुलांचा रंग उधळतात आणि तो सोहळा पाहण्यास दूरदूरचे लोक जमतात. पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात वसंतात फुललेला पळस पाहण्यासाठी शहरांतून पर्यटक येतात. त्याच राज्यात शांतिनिकेतनच्या वसंतोत्सवात पळसफुलांचे दागिने घालण्याची हौस इतकी वाढली की झाडे ओरबाडली जाऊ लागली आणि फुले तोडू नका असे आवाहन करावे लागले. या दोन्ही गोष्टी आपण ध्यानात ठेवाव्यात. फूल पाहुणा आणते, आणि बेफिकीर पाहुणा झाड मोडतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पळस ऋतूप्रमाणे फुलतो, सण मात्र तिथीप्रमाणे येतो. रंगपंचमी २०२४ साली ३० मार्चला होती, तर २०२५ साली १९ मार्चला. सण उशिरा आला तर फुलांचा बहर ओसरलेला असतो. म्हणून फुले वाळवून ठेवणे हाच खात्रीचा उपाय आहे. झाडाखाली जुने लुगडे किंवा चादर अंथरावी आणि सकाळी गळून पडलेली ताजी फुले वेचावीत. झाड झोडपू नये. मैना, सूर्यपक्षी असे पक्षी मधासाठी या फुलांवर येतात व त्यांच्यामुळेच परागीभवन होऊन शेंग धरते. माती, काड्या व कुजलेली फुले काढून उरलेली सावलीत पातळ पसरावीत. हातात चुरा होईपर्यंत वाळली की कापडी पिशवीत कोरड्या जागी ठेवावीत. ओल राहिली तर बुरशी येते. वनखात्याच्या जमिनीवरील फुले परवानगीशिवाय गोळा करू नयेत.

रंग करताना फुले रात्रभर पाण्यात भिजत घालून सकाळी उकळावीत आणि पाणी वस्त्रगाळ करावे. पिवळा-केशरी रंग मिळतो. किंचित चुना टाकल्यास तो गडद होतो. मात्र चुना डोळ्यांस व कातडीस झोंबतो, म्हणून मुलांच्या रंगात तो घालूच नये. कोरडा रंग हवा असल्यास घट्ट काढा तांदळाच्या बारीक पिठात कालवून वाळवावा व चाळावा. पाणीटंचाईच्या गावी हाच बरा. विक्री करावयाची तर तो औषधी आहे असा दावा करू नये.

हे काम महिला बचत गटाने हाती घेतल्यास उत्तम. पण मोठ्या कमाईची अपेक्षा ठेवू नका. वेचणी, जळण व मजुरी यांचा हिशेब करूनच भाव ठरवावा. खरा लाभ पाहुण्यांकडून होऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. सुरुवातीस मोठा खर्च करू नका. पंधरा-वीस पाहुणे, सकाळी पळसाच्या बांधावरून शिवारफेरी, रंग करण्याचे प्रात्यक्षिक आणि दुपारी पळसाच्या पत्रावळीवर पुरणपोळीचे जेवण, एवढे पुरे. पिण्याचे पाणी, सावली आणि स्वच्छ शौचालय यांची सोय नसेल तर पाहुणे बोलावूच नयेत.

काही नियम गावाने ग्रामसभेत आधीच ठरवावेत. फांदी कोणी मोडणार नाही. वाळलेल्या गवतात व उभ्या गव्हाजवळ विडी-सिगारेट पेटवली जाणार नाही. ज्याच्या बांधावर झाड आहे त्याची संमती व वाटा ठरलेला असेल. स्त्रियांवर त्यांच्या इच्छेविरुद्ध कोणी रंग टाकणार नाही. जमाखर्च सर्वांसमोर वाचला जाईल.

पळसाची सावली खरिपाच्या पिकावर पडते, ही तक्रार रास्त आहे. त्यासाठी फुलोरा संपल्यावर खालच्या फांद्या छाटा. झाड मुळासकट काढू नका. तोडलेल्या झाडाच्या बुंध्यास व मुळांस धुमारे फुटतात. त्यांतील एक सरळ धुमारा राखल्यास झाड पुन्हा उभे राहते. बियांपासून रोपे करावयाची असल्यास उन्हाळ्याच्या अखेरीस पक्व झालेल्या शेंगा गोळा कराव्यात. प्रत्येक शेंगेत एकच बी असते. ते ताजेच पहिल्या पावसात बांधावर टोकावे. सोटमूळ खोल जाते, त्यामुळे रोप उपटून लावल्यास दगावण्याचा संभव असतो. वाढ सावकाश होते. आज लावलेले बी फुलण्यास बरीच वर्षे लागतील. आज उभे असलेले झाड मात्र येत्या फाल्गुनातच फुलणार आहे.

तेव्हा माझी विनंती एवढीच की, येत्या ग्रामसभेपूर्वी आपल्या शिवारातील पळस मोजा व त्यांची यादी करा. किती राखायचे हे एकत्र बसून ठरवा. झाडे राहिली तरच रंग राहील आणि पाहुण्यांना दाखवण्यासारखे काही उरेल.