निपाणीची तंबाखू आणि राष्ट्रांचा करार



वस्तू पिकवावी किती आणि वापरावी किती, हा प्रश्न प्रथमदर्शनी गृहिणीच्या कोठीघरातला वाटतो. तथापि गेल्या अर्धशतकात तो राष्ट्राराष्ट्रांच्या परिषदांपुढे येऊन ठेपला आहे. १९९२ साली रिओ द जानेरो येथील वसुंधरा परिषदेने आपल्या कार्यक्रमपत्रिकेत उपभोगाच्या पद्धती बदलण्यावर एक स्वतंत्र प्रकरण घातले. २०१२ साली त्याच नगरीत या विषयाचा दहा वर्षांचा कार्यक्रम मान्य झाला आणि २०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या सतरा उद्दिष्टांत जबाबदारीचे उत्पादन व उपभोग यांस बारावे स्थान मिळाले. हे ठराव दूरदेशी झाले खरे. परंतु त्यांची कसोटी कोठे लागते हे पाहावयाचे असेल, तर बेळगावाहून निपाणीपर्यंत गेले तरी पुरे.

तंबाखूचे रोप या देशात रुजविले ते पोर्तुगीजांनी. पुढे ब्राझिलातील बाहिया प्रांताची तंबाखू गलबतांनी गोव्यास येऊ लागली आणि तिच्या विक्रीचा मक्ता हे तेथील सरकारचे एक मोठे उत्पन्न झाले. तो मक्ता घेणाऱ्यांत हिंदू व्यापारीही होते. तेव्हा या वस्तूच्या लाभापासून गोमंतकीय समाज सर्वस्वी अलिप्त राहिला, असे म्हणता येणार नाही.

निपाणीच्या काळ्या जमिनीत होते ती विडीची तंबाखू. म्हैसूरकडील व्हर्जिनिया तंबाखू भट्टीच्या उष्णतेवर वाळविली जाते, त्यासाठी लाकूडफाटा जळतो. निपाणीची तंबाखू उन्हात वाळते. पावसाळ्यात लावण, मग शेंडे खुडणे, कोंब काढणे आणि हिवाळ्यात कापणी, हा तिचा क्रम. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा देणारे दुसरे पीक या भागात फारसे नव्हते, म्हणून ती टिकली. परंतु भाव ठरवी तो व्यापारी. १९८१ च्या मार्च महिन्यात शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकऱ्यांनी रास्त भावासाठी पुणे-बंगलोर हमरस्त्यावर ठाण मांडले. ६ एप्रिल रोजी गोळीबार होऊन त्यांतील काही शेतकरी प्राणास मुकले. विशेष हे की, हेच शरद जोशी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेची नोकरी सोडून शेतीकडे वळले होते. राष्ट्रांच्या सहकार्याचे कार्यालय आतून पाहिलेल्या गृहस्थास शेतमालाच्या भावाचा प्रश्न अधिक निकडीचा वाटला.

दुसरा वर्ग स्त्रियांचा. वखारीत जर्दा चाळणाऱ्या आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या या स्त्रियांच्या श्वासात तंबाखूची धूळ दिवसभर जाते. प्रा. सुभाष जोशी यांनी निपाणीत त्यांची संघटना उभारली. विडी कामगारांच्या नोकरीच्या अटींचा कायदा १९६६ साली, तर कल्याण निधीचा १९७६ साली झाला. तरीही पान-तंबाखू मोजून घेणे आणि वळलेल्या विड्या मोजून देणे, यावरच अनेकींची चूल पेटत राहिली.

अशा स्थितीत २१ मे २००३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत तंबाखू-नियंत्रणाचा करार संमत झाला. भारताने ५ फेब्रुवारी २००४ रोजी त्यास मान्यता दिली आणि २७ फेब्रुवारी २००५ पासून तो अंमलात आला. आज १८० हून अधिक पक्ष त्यात आहेत. मागणी घटविण्यासाठी कर, जाहिरातबंदी, वेष्टनावरील इशारा ही साधने त्यात आहेत. त्याचबरोबर १७ वे कलम तंबाखूवर जगणाऱ्यांना पर्यायी उपजीविका आणि १८ वे कलम त्यांचे आरोग्य व भोवतालचा निसर्ग यांची काळजी सांगते. २०१६ साली या करारातील पक्षांची सातवी सभा भारतातच, ग्रेटर नोएडा येथे भरली.

पहिल्या भागाची प्रगती दिसते. २००९-१० च्या पाहणीत देशातील ३४.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करीत. २०१६-१७ मध्ये हे प्रमाण २८.६ टक्क्यांवर आले. दुसरा भाग मात्र मागे राहिला. तंबाखूऐवजी दुसरी पिके घेण्याची केंद्राची योजना २०१५-१६ पासून कर्नाटकासह दहा राज्यांत सुरू झाली; परंतु बियाणे दिल्याने पीक बदलते, गिऱ्हाईक मिळत नाही. पाण्याची सोय झाली तेथे शेतकरी उसाकडे वळला. ऊस मात्र वर्षभर पाणी पितो. आरोग्य सांभाळताना पाणी गमावले, तर हिशेब कोठे जुळला?

या बाबतीत केनिया देशातील मिगोरी परगण्याचे उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. २०२२ पासून तेथे तंबाखू सोडणाऱ्या शेतकऱ्यांना लोहयुक्त घेवड्याचे बियाणे, लहान कर्ज आणि शिक्षण दिले गेले. मुख्य म्हणजे जागतिक अन्न कार्यक्रमाने तो घेवडा विकत घेण्याची हमी पत्करली. निपाणीच्या शेतकऱ्याने १९८१ साली रस्त्यावर बसून जे मागितले, त्याच्याशी याचे नाते उघड आहे. सोयाबीन, भुईमूग, ज्वारी ही पिके या मातीस नवी नाहीत. हमीचा खरेदीदार मात्र त्यांना हवा आहे. आणि विडी वळणारीचे काम आटले, तर तिच्या हातास दुसरे काम कोणी द्यावयाचे, याचे उत्तर पिकाच्या योजनेत सापडत नाही.

देवस्थानाच्या महाजनसभेचा अनुभव येथे उपयोगी पडावा. पालखीचा ठराव इतिवृत्तात लिहिला म्हणजे पालखी निघत नाही. वर्गणी कोणाची, खांदा कोणाचा, हे ठरावे लागते आणि पुढील सभेत जमाखर्च वाचून दाखवावा लागतो. राष्ट्रांच्या करारांचेही असेच आहे. व्यसन सुटल्याचा लाभ साऱ्या समाजास मिळणार; त्याची वर्गणी एकट्या निपाणीच्या शेतकऱ्याने आणि विडी वळणाऱ्या बाईने भरावी, हा न्याय नव्हे. तंबाखूवरील कराचा काही निश्चित अंश त्यांच्या नव्या उपजीविकेसाठी राखून ठेवावा आणि त्याचा हिशेब दरसाल जाहीर व्हावा, ही मागणी बेळगावच्या सुशिक्षित घरांनी उचलून धरण्याजोगी आहे. ज्या घरांतील पानाच्या तबकातून तंबाखूची डबी गेली आहे, त्या घरांवर हे कर्तव्य अधिकच येते. कारण आपला त्याग दुसऱ्याच्या भाकरीवर पडू नये, एवढे पाहणे त्यांच्या हाती आहे.