तुर्की अमलाखालील ग्रीक

1453 साली कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडले. परंतु सुलतान दुसऱ्या मेहमेदाने ग्रीकांचे धर्मपीठ मोडले नाही. गेन्नादिओस या विद्वान मठवासीयास त्याने महाधर्मगुरूपदी बसविले. ग्रीकांनी जिझिया भरावा आणि विवाह-वारशाचे तंटे आपल्या धर्मगुरूंकडून तोडून घ्यावेत, अशी ती व्यवस्था. कर एक वेळ सोसवतो. पण गावोगावचे मुलगे उचलून, मुसलमान करून जानिसारी फौजेत घालीत, ते कोणत्या मातेस सोसवेल? सतराव्या शतकात ही प्रथा मंदावली.

चांदण्यात गुप्त शाळेला जाणाऱ्या मुलांची कथा ग्रीसमध्ये सर्वतोमुखी आहे. गीझिस या चित्रकाराने गुप्त शाळेचे चित्रही रंगविले. संशोधकांना मात्र तिचा पुरावा आढळत नाही. शाळांवर सरसकट बंदी नव्हतीच. मज शिक्षकास खरी हकीकतच मोलाची वाटते: खेड्यातला गरीब धर्मगुरू स्तोत्रांच्या पोथीवरून मुलांना अक्षरओळख करून देई.

1821 साली उठाव झाला. महाधर्मगुरू पाचवे ग्रेगरी यांनी बंडखोरांना बहिष्कृत केले होते. तरीही प्रजेच्या इमानाचे जामीन तेच! ईस्टरच्या दिवशी त्यांना धर्मपीठाच्या दरवाजातच फाशी दिले. तो दरवाजा आजही बंद आहे.