कोठडीतील मृत्यू आणि त्यानंतरचा लोकक्षोभ

(वकील संमेलनातील अध्यक्षीय भाषण, नेर, जि. यवतमाळ)

कोठडीतील मृत्यू हा इतर संशयास्पद मृत्यूंहून मुळातच वेगळा असतो. मरणारा माणूस त्या वेळी सरकारच्या ताब्यात असतो. दार सरकारचे, किल्ली सरकारची, नोंदवही सरकारची आणि पाहणारेही बहुतेक सरकारी नोकरच. त्यामुळे तो कसा मेला हे सांगण्याची जबाबदारी ताबा घेणाऱ्यावर येते. हे उत्तर मिळत नाही तेव्हा लोक रस्त्यावर येतात. अशा क्षोभाकडे केवळ कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून पाहिले, की त्याचे मूळ कारण नजरेआड होते.

कोठडी दोन प्रकारची. न्यायालयात ज्याला ‘पीसीआर’ म्हणतात ती पोलिस कोठडी आणि ‘एमसीआर’ म्हणतात ती न्यायालयीन कोठडी. पहिलीत आरोपी लॉकअपमध्ये, दुसरीत कारागृहात असतो. मृत्यू कारागृहात झाला, तरी त्याचे कारण आधीच्या पोलिस कोठडीत घडलेले असू शकते. म्हणून चौकशीचा आरंभ मृत्यूच्या ठिकाणापासून नव्हे, माणूस उचलला गेला त्या क्षणापासून व्हावा लागतो.

मारहाण होते ती बहुतेकदा तपासाच्या नावाखाली. या देशात हा प्रश्न जुना आहे. मद्रास इलाख्यातील छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाने १८५५ मध्ये अहवाल दिला. पुढे १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आणि नंतर १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ व २६ ने पोलिसांपुढील कबुलीजबाब पुराव्यातून वगळला. मात्र कलम २७ ने एक वाट मोकळी ठेवली. आरोपीच्या माहितीवरून वस्तू सापडली, तर तेवढा भाग ग्राह्य धरला जातो. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही ही तरतूद कायम आहे. चोरी-घरफोडीच्या तपासात ‘रिकव्हरी’चा तगादा वरून येतो आणि तो खाली लॉकअपमधल्या माणसाच्या अंगावर उतरतो. मोठ्या गुन्ह्यांच्या तपासात हे घडतेच, पण किरकोळ चोरीच्या संशयावर उचललेला गरीब माणूसही त्याला बळी पडतो.

हा भार सर्वांवर सारखा पडत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मानेच संशयित ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय मात्र ठाण्याच्या सवयीत राहिला. १९९८ च्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालमध्ये अशाच एका जमातीतील बुधन सबर याचा आणि त्याच वर्षी जूनमध्ये बारामतीत पिन्या हरी काळे या पारधी मजुराचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला. त्या वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि ‘उचल्या’चे लेखक लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी देशपातळीवर काम उभे केले. यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांतील फासेपारधी बेड्यांना या इतिहासाची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही.

कायद्याची चौकट कागदावर मजबूत आहे. संविधानाचा अनुच्छेद २१ जीविताचे रक्षण करतो. अनुच्छेद २२ नुसार अटक झालेल्याला २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. ओडिशातील नीलाबती बेहेरा प्रकरणात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने कोठडीत मुलगा गमावलेल्या आईला दीड लाख रुपयांची भरपाई दिली. मूलभूत हक्क मोडला तर राज्याला भरपाई द्यावी लागते, हे तत्त्व त्या निकालाने पक्के झाले. १८ डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेची अकरा बंधने घालून दिली. नातेवाइकाची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची सही असलेला अटक मेमो, आप्तांना खबर, शरीरावरील लहानमोठ्या जखमांची नोंद, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी आणि वकिलाची भेट ही त्यांतील मुख्य. २०१४ मध्ये वडाळा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातील ॲग्नेलो वाल्दारिस याच्या मृत्यूनंतर मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील ठाण्यांत सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२० च्या परमवीरसिंग सैनी निकालाने तो नियम देशभर लागू केला आणि चित्रण १८ महिने जपण्याची अपेक्षा नोंदवली.

मृत्यूनंतरची प्रक्रियाही ठरलेली आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १७६(१अ) ने २००६ पासून कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याकडे सोपवली. आज ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. मृताच्या आप्तांना कळवून चौकशीला हजर राहू देणे आणि २४ तासांत मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवणे हे त्याच कलमाचे भाग. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९३ पासूनच अशा मृत्यूची खबर २४ तासांत मागितली आहे.

या प्रक्रियेत सर्वांत प्रामाणिक साक्षीदार म्हणजे मृताचे शरीर, पण त्याची साक्ष ऐकायला नजर लागते. इन्क्वेस्ट पंचनाम्यात पंच चेहरा आणि छाती पाहून ‘दृश्य जखम नाही’ असे लिहून मोकळे होतात. खरी खूण असते तळपायांवर, मनगटांवर, पाठीवर आणि मांड्यांच्या मागच्या बाजूला. तळपायावरील माराचे वळ जाड कातडीखाली दडतात. तिथे छेद दिल्याखेरीज साकळलेले रक्त दिसत नाही. सावळ्या त्वचेवरील वळही वरवर पाहून सुटतो. जखमेचा रंग लाल-निळ्यावरून हिरवट आणि पुढे पिवळा होत जातो. त्यावरून जखमेच्या वयाचा अंदाज येतो, तोही ढोबळच. म्हणूनच अटकेनंतर लगेच झालेल्या तपासणीचा कागद मोलाचा. त्यात ‘जखम नाही’ असे असेल आणि शवविच्छेदनात जखमा निघाल्या, तर मधल्या वेळेचा जाब कोणी द्यायचा, हे उघड होते. छळाच्या वैद्यकीय नोंदींसाठी १९९९ मध्ये तयार झालेला इस्तंबूल प्रोटोकॉल हाच मार्ग सांगतो.

लोकक्षोभ सुरू होतो तो बहुधा याच टप्प्यावर, शवागाराच्या दारात. ‘छातीत दुखू लागले’, ‘फिट आली’, ‘पळून जाताना पडला’ अशी पहिली माहिती ठाण्याकडून येते. ठाण्याकडून मिळालेला निरोप आणि नातेवाइकांना दिसलेले शरीर यांचा मेळ बसत नाही. मग ‘गुन्हा दाखल झाल्याशिवाय प्रेत ताब्यात घेणार नाही’ असा निर्धार होतो. मागण्या जवळजवळ सगळीकडे सारख्याच असतात. निलंबन पुरेसे नाही, खुनाचा गुन्हा नोंदवा. तपास त्याच ठाण्याकडे नको, सीआयडीकडे द्या. शवविच्छेदन दुसऱ्या जिल्ह्यात, चित्रीकरणासह करा. यातील एकही मागणी कायद्याबाहेरची नाही. कायद्याने आपणहून करायचे तेच काम लोकांना ठिय्या देऊन मागावे लागते.

महाराष्ट्रातील अलीकडचे सर्वांत ठळक उदाहरण परभणीचे. १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्थानकाजवळील डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले. दगडफेक, जाळपोळ, लाठीमार आणि अश्रुधूर झाला. नंतर धरपकड झाली. वस्त्यांत शिरून निरपराधांना मारहाण केल्याचा आरोप पोलिसांवर झाला. अटक झालेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा ३५ वर्षांचा कायद्याचा विद्यार्थी होता. पोलिस कोठडीनंतर त्याची रवानगी न्यायालयीन कोठडीत झाली आणि १५ डिसेंबरला त्याचा मृत्यू झाला. छत्रपती संभाजीनगर येथे शवविच्छेदन झाले. अनेक जखमांमुळे आलेला धक्का, असे प्राथमिक कारण त्यात नोंदले गेले.

१६ डिसेंबरला राज्यभर बंदची हाक दिली गेली. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मारहाणीचा आरोप सरकारने नाकारला. सोमनाथने दंडाधिकाऱ्यापुढे छळाची तक्रार केली नव्हती आणि त्याला श्वसनाचा आजार होता, अशी सरकारची बाजू होती. त्याच वेळी न्यायालयीन चौकशी आणि दहा लाख रुपयांची मदत जाहीर झाली. जानेवारीत परभणीहून मुंबईच्या दिशेने लाँग मार्च निघाला. न्यायदंडाधिकाऱ्याच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. तरीही गुन्हा नोंदला गेला नाही, तेव्हा मृताच्या आईने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे धाव घेतली. तिच्या वतीने ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी बाजू मांडली. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकारने त्याला आव्हान दिले, पण ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला. एक एफआयआर नोंदवण्यासाठी एका आईला साडेसात महिने आणि दोन न्यायालये लागली.

या प्रकरणात कायद्यातील पोकळी उघडी पडली. न्यायदंडाधिकाऱ्याचा अहवाल आल्यावर पुढचे पाऊल कोणी व किती दिवसांत उचलायचे, हे कलम १९६ सांगत नाही. अहवाल येतो आणि फाइल थांबते. शिवाय परभणीत मृत्यूच्या आधी आंदोलन झाले होते. एका क्षोभाच्या बंदोबस्तातून झालेल्या अटकेने दुसऱ्या क्षोभाला जन्म दिला. दंगलीनंतरची अटक ओळख पटवून, पुराव्यानिशी झाली पाहिजे. वस्तीच्या वस्ती संशयित धरून केलेली धरपकड शांतता आणत नाही.

परभणीला हा अनुभव नवा नव्हता. २००२ च्या घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात पकडलेला ख्वाजा युनूस हा अभियंता याच जिल्ह्याचा. जानेवारी २००३ मध्ये तपासाला नेताना तो गाडीतून पळाला, असे पोलिसांनी सांगितले. त्याला कोठडीत मारहाण झाल्याचे सहआरोपींनी सांगितले. त्याचा मृतदेह कधीच मिळाला नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत अनिकेत कोथळे याच्याबाबतही ‘पळून गेला’ हेच पहिले उत्तर होते. ठाण्यात मारहाणीने मृत्यू झाल्यावर मृतदेह आंबोली घाटात नेऊन जाळला, असा आरोप तपासातून पुढे आला. सांगली शहर बंद राहिले आणि पोलिसांनाच अटक झाली. मृतदेहच नसेल तर शवविच्छेदन नाही आणि प्रकरण तिथेच संपते, हा हिशेब सांगलीत फसला. कुटुंब गप्प बसले नाही आणि शहर त्यांच्यामागे उभे राहिले.

क्षोभातून कायदा घडल्याचे उदाहरण विदर्भातच आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. ठाण्याबाहेर जमलेल्या लोकांनी चौकी पेटवण्याची धमकी दिली, तेव्हा कुठे तिचा जबाब लिहिला गेला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. पुढील वर्षी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि देशभर स्त्रियांचे मोर्चे निघाले. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्काराबाबत गृहीतकाची दिशा बदलली. संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, की न्यायालय ते गृहीत धरू लागले. कोठडीतील जखमांबाबतही असेच गृहीतक आणावे, अशी शिफारस विधि आयोगाने १९८५ च्या ११३ व्या अहवालात केली. ती आजवर कायद्यात आलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण अनुसमर्थन केले नाही. छळ प्रतिबंधक विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर होऊनही व्यपगत झाले. २०१७ च्या २७३ व्या अहवालात विधि आयोगाने पुन्हा तीच गरज मांडली.

बाहेरच्या हाताने त्वरित चौकशी झाली तर काय घडते, हे तमिळनाडूतील सातानकुलमने दाखवले. जून २०२० मध्ये तेथे जयराज आणि बेनिक्स या बापलेकांचा कोठडीतील मारहाणीनंतर मृत्यू झाला. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि ठाण्याचा ताबा महसूल अधिकाऱ्यांकडे दिला. त्याच ठाण्यातील एका महिला हवालदाराने निर्भयपणे जबाब दिला. गणवेशातले बंधुत्व साक्षीच्या आड येते, हे सर्वोच्च न्यायालयाने श्यामसुंदर त्रिवेदी प्रकरणात १९९५ मध्येच नोंदवले होते. सुरक्षित जागा मिळाली, तर गणवेशातला माणूसही खरे बोलतो.

आंदोलनाचीही एक जबाबदारी असते. ठाण्यावर दगड पडला, की चर्चेचा विषय बदलतो. मृताच्या प्रकरणाआधी आंदोलकांवर गुन्हे नोंदले जातात, तरुण पोरे वर्षानुवर्षे तारखांना फिरतात आणि जाळपोळीत पुरावाही जातो. याउलट ठिय्या, मूक मोर्चा, बंद आणि सह्यांचे निवेदन या मार्गांनी प्रश्न जागेवर राहतो. जमावाला शांत राहा म्हणणाऱ्याने त्याच दमात गुन्हा नोंदवण्याची तारीखही सांगितली पाहिजे, नाहीतर त्या आवाहनाला वजन येत नाही.

अमरावती-यवतमाळ रस्त्यावरील नेरसारख्या तालुक्याच्या गावी यातले बरेच काम स्थानिक माणसांच्या हातात आहे. रिमांडच्या वेळी वकिलाने आरोपीशी एकांतात बोलावे, त्याला सदरा काढायला सांगावा, जखमा दिसल्या तर त्या रिमांडच्या आदेशात नोंदवून घ्याव्यात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने पोलिस कोठडीचे पंधरा दिवस तुकड्यातुकड्याने मागण्याची मुभा दिली असल्याने हे प्रत्येक तारखेला करावे लागेल. न्यायाधीशाने ‘काही तक्रार आहे का’ हे पोलिसांना बाहेर पाठवून विचारावे. वैद्यकीय अधिकाऱ्याने आरोपीला पूर्ण तपासल्याशिवाय दाखला देऊ नये. मृत्यू झालाच, तर वकिलाने त्याच दिवशी स्टेशन डायरी आणि सीसीटीव्ही चित्रण सुरक्षित ठेवण्याचा अर्ज द्यावा आणि वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांच्या पथकाकडून, चित्रीकरणासह शवविच्छेदन मागावे. पत्रकाराने पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकाशेजारी कुटुंबाचे म्हणणे छापावे.

राज्याने करायच्या गोष्टीही स्पष्ट आहेत. दंडाधिकाऱ्याच्या अहवालानंतर गुन्हा नोंदवण्याची मुदत कायद्यात हवी. कोठडीतील जखमांबाबत गृहीतक हवे, छळविरोधी स्वतंत्र कायदा हवा आणि तपास त्या जिल्ह्याच्या पोलिसांकडून काढून घेणारी यंत्रणा हवी. ताब्यात घेतलेला प्रत्येक माणूस जिवंत न्यायालयापुढे उभा करणे हे राज्याचे पहिले कर्तव्य आहे. ते मोडले गेले, तर मोडणाऱ्याचे नाव एफआयआरमध्ये लिहिणे हे दुसरे. ही दोन कर्तव्ये वेळेवर पार पडली, तर लोकांना न्यायासाठी रस्ता अडवावा लागणार नाही.