दिसण्यावर जाऊ नका, वजन टांगून पाहा

मंडळी, या, पुढे बसा. मागे दाराशी बसलात तर आम्ही काय आणले आहे ते दिसायचे नाही.

आज आम्ही तीन वस्तू आणल्या आहेत. एक नारळाचे सोडण. एक वाळलेल्या मातीची फळी. आणि एक बादली. हसू नका! या तीन वस्तूंत एक मोठी विद्या आहे. ती विद्या कामाची आहे, कारण तिच्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

आधी घरातली गोष्ट घेऊ. आपल्या आज्या-पणज्यांनी कुडाच्या भिंती घातल्या. कुडाला लावायचा चिखल ते कसा करीत? नुसती माती भिजवून लावीत का? नाही. चिखलात भाताचा पेंढा घालीत, तूस घालीत, शेण घालीत. मग पायांनी तो तुडवीत. एवढी खटपट कशासाठी?

नुसता चिखल वाळला की आक्रसतो आणि त्याला भेगा पडतात. पेंढ्याची काडी भेगेच्या दोन्ही कडा धरून ठेवते. भेग वाढू देत नाही. मातीला दाबलेले चालते, पण ओढलेले चालत नाही. काडीचे उलट आहे. काडी दाबली की वाकते, पण ओढली तर सहज तुटत नाही. एकाचे उणे दुसऱ्याने भरून काढले. दोघांचा संसार चांगला झाला म्हणा ना!

अशा जोडीच्या मालाला आपण मिश्र माल म्हणू. त्यात एक असतो तंतू, म्हणजे धागा. दुसरा असतो त्याला धरून ठेवणारा लगदा. लगदा मातीचा असेल, सिमेंटचा असेल, नाही तर कारखान्यातल्या रसायनाचा असेल. युक्ती एकच.

ही युक्ती तुम्ही रोज पाहता. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत प्लास्टरची मूर्ती साच्यातून काढतात. मूर्ती आतून पोकळ असते. ती फुटू नये म्हणून आतल्या अंगाला प्लास्टरमध्ये बुडवलेला काथ्या लावतात. आपल्या मिरकरवाडा बंदरात फायबरच्या होड्या आहेत. फायबर म्हणजे काय? काचेचे बारीक तंतू. ते घट्ट होणाऱ्या रसायनात भिजवून थरावर थर देतात. लाकूड नाही, लोखंड नाही, तरी होडी लाटा सोसते.

आता शास्त्रज्ञांनी विचार केला, काचेच्या जागी झाडाचा तंतू का वापरू नये? काच वितळवायला भट्टी लागते, जळण लागते. काचेचा चुरा अंगाला खाजतो. झाडाचा तंतू शेतात होतो, वजनाला हलका असतो आणि मातीत कुजूनही जातो. आपल्याकडे तंतूंना तोटा नाही. नारळाचा काथ्या आहे, अंबाडी आहे, घायपात आहे, केळीच्या सोपाचा धागा आहे. बंगालात ताग आहे.

पण सगळे तंतू सारखे नसतात. समजा, एक मिलिमीटर लांब आणि एक मिलिमीटर रुंद एवढी जागा आहे. ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. एवढी जागा भरेल इतके तंतू एकत्र धरले आणि त्यांना वजन टांगले. ताग साधारण ४० किलो किंवा त्याहून जास्त सोसतो. काथ्या १५ ते २० किलोच्या आसपास तुटतो. काच २०० किलोच्याही पुढे जाते. मग काथ्या टाकाऊ का? मुळीच नाही. तागाचा १०० मिलिमीटर लांब धागा ओढला, तर तो २ मिलिमीटरही ताणला न जाता तुटतो. काथ्याचा तेवढाच धागा १५ ते ३० मिलिमीटर ताणला जातो, मग तुटतो. ताग ताठ आहे, काथ्या सोशिक आहे. शिवाय काथ्यात लाकडासारखा कठीण भाग पुष्कळ असतो. म्हणून तो पाण्यात लवकर कुजत नाही. जहाजांचे दोर काथ्याचे करीत ते उगाच नव्हे.

हे सगळे ऐकले की माणसाला हुरूप येतो. आम्हालाही आला होता. आता आमचीच एक फजिती सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगितली पाहिजे.

आमच्या वाडीत सोडणांचे ढीग पडलेले असत. आम्ही चौघांनी ठरवले, काथ्या आणि सिमेंट घालून छपराचे पत्रे करायचे. साचा केला. काथ्या फुकटचा, सिमेंट विकतचे. म्हणून काथ्या भरपूर घातला, सिमेंट हात राखून घातले. मनात म्हटले, जितका काथ्या जास्त तितका पत्रा मजबूत. उन्हात पत्रे वाळले. दिसायला झकास! हाताने ठोकून पाहिले, आवाज बरा आला. गोठ्यावर चढवले.

आषाढात पाऊस कोसळू लागला. एक पत्रा सरकला म्हणून आमच्यातला एक गडी वर चढला. पत्रा कडकन मोडला नाही, ओल्या पापडासारखा खचला. गडी खाली दगडावर पडला. नशीब बलवत्तर म्हणून वाचला. पण कंबर दुखावली आणि त्या वर्षी त्याला नांगर धरता आला नाही. त्याची लावणी आम्ही केली. पण कंबरेचे दुखणे काही आम्हाला वाटून घेता आले नाही.

मग मोडका पत्रा आम्ही फोडून पाहिला. चार चुका दिसल्या.

पहिली चूक. काथ्या फार झाला होता. धाग्याधाग्यांमध्ये सिमेंट शिरलेच नव्हते. लगदाच नाही, तर धाग्याला धरणार कोण?

दुसरी चूक. काथ्याचे गोळे झाले होते. एका जागी झुबका, दुसऱ्या जागी एकही धागा नाही.

तिसरी चूक. काथ्या धुतला नव्हता. त्याला भुसा तसाच चिकटलेला होता. भुशावर सिमेंट बसत नाही. ओढ लागली की धागा तुटत नाही, मुळासकट उपटून येतो. पिकलेल्या केसासारखा!

चौथी चूक सगळ्यांत मोठी. आम्ही पत्रा वाळलेला पाहिला, भिजलेला पाहिला नाही. आपल्या रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. झाडाचा तंतू पाणी पितो. पाणी प्याला की फुगतो, वाळला की आकसतो. असे पुन्हा पुन्हा झाले की त्याची लगद्यावरची पकड सुटते. सिमेंटचा खारही तंतूला हळूहळू खातो. काथ्या त्या मानाने टिकतो, ताग लवकर हार खातो.

चूक काथ्याची नव्हती. चूक आमची होती. आम्ही पारख केली नाही. वजन न टांगता माणूस वर चढवला.

पारख करण्याची ही विद्या जुनी आहे. इंग्लंडात डेव्हिड किर्काल्डी नावाचा एक गृहस्थ होता. लोखंड आणि इतर माल ओढून, वाकवून, मोडून पाहण्याचे प्रचंड यंत्र त्याने बनवले. १८७४ साली लंडनमध्ये त्या यंत्रासाठी नवी इमारत उघडली. तिच्या दारावर त्याने अक्षरे कोरून घेतली. त्यांचा अर्थ असा, की इथे मते चालत नाहीत, जे खरे असेल तेच चालते. पुढे १८७९ साली स्कॉटलंडात टे नदीवरचा पूल वादळात कोसळला. वरून जाणारी आगगाडी नदीत गेली. त्या पुलाच्या लोखंडाची पारख याच किर्काल्डीकडे झाली. माणसे गेल्यावर पारख झाली. ती आधी करावी, एवढेच आमचे सांगणे.

आज मिश्र मालाची पारख मुख्यतः चार प्रकारे करतात.

एक, ओढ. मालाची पट्टी दोन चिमट्यांत धरून यंत्र ती ओढते. किती जोर लागला आणि पट्टी किती ताणली, हे दोन्ही मोजतात.

दोन, वाक. पट्टी दोन टेकूंवर ठेवून मधोमध दाबतात. छपराचे आणि फळीचे खरे काम हेच.

तीन, ठोका. जड लंबक झुलवत सोडतात. तो पट्टी मोडून पुढे किती वर जातो ते पाहतात. कमी वर गेला, म्हणजे पट्टीने त्याचा जोर जास्त खाल्ला.

चार, पाणी. माल तोलून पाण्यात ठेवतात. पाण्यातून काढून पुन्हा तोलतात. मग भिजलेल्या मालाची ओढ आणि वाक परत मोजतात.

यंत्र आपल्यापाशी नाही. पण वाकाची पारख आपल्या पडवीत करता येते. ही बादली त्याचसाठी आणली.

एकाच साच्यात मातीच्या दहा फळ्या पाडा. प्रत्येक ४० सेंटीमीटर लांब, १० रुंद, ३ जाड. माती एकच, पाणी मोजून. पाच फळ्या नुसत्या मातीच्या. पाच फळ्यांत धुतलेला, पिंजलेला काथ्या घाला. तोही तोलून, प्रत्येकीत सारखा. सगळ्या सावलीत पुऱ्या वाळू द्या.

आता दोन चिरे ३० सेंटीमीटर अंतरावर ठेवा. त्यांवर फळी आडवी टाका. मधोमध सुंभ अडकवून बादली टांगा. बादली जमिनीपासून चार बोटेच वर असू द्या आणि खाली वाळू पसरा. पोरांना लांब ठेवा, पाय बादलीखाली नेऊ नका. मग लिटरच्या मापाने सावकाश पाणी ओता. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. फळी मोडली की किती मापे झाली ते लिहा. बादलीचे वजन त्यात मिळवायला विसरू नका.

जाडी सारखीच हवी, हे का सांगतो? फळी दुप्पट जाड केली तर ती दुप्पट नव्हे, चौपट वजन पेलते. जाडीत थोडा फरक पडला तरी हिशेब पार चुकतो.

आता वहीचे काम. समजा, काथ्याच्या पाच फळ्या १२, १४, १३, ६ आणि १५ किलोला मोडल्या. बेरीज किती? ६०. पाचांनी भागले की सरासरी १२ आली. पण नुसत्या सरासरीवर भुलू नका. ती ६ किलोवाली फळी पाहा. छप्पर सरासरीवर उभे राहत नाही. ते सगळ्यांत कच्च्या जागी मोडते. ती फळी फोडा. आत काथ्याचा गोळा सापडेल, नाही तर पोकळी सापडेल. पुढच्या खेपेला ती चूक टाळा.

आणखी एक गोष्ट दिसेल. नुसत्या मातीची फळी कड् करून एकदम दोन तुकडे होते. काथ्याची फळी कदाचित फार जास्त वजन पेलणारही नाही. पण ती आधी चिरते, वाकते, काथ्याच्या धाग्यांवर लोंबकळत राहते. जणू ती सांगते, "बाबांनो, मी आता जाते, तुम्ही बाजूला व्हा." घराच्या भिंतीने एवढी सूचना दिली, तरी निजलेले पोर उचलून बाहेर पडता येते. तंतूचा हा गुण वजनाच्या आकड्याहून मोठा आहे.

सुंभाचीही अशीच परीक्षा करा. एक तुकडा कोरडा, एक रात्रभर भिजवलेला. दोन्हींना वजन टांगा आणि आकडे शेजारी शेजारी लिहा.

मात्र एक ध्यानात ठेवा. पडवीतली परीक्षा ही शिकण्यासाठी आहे. ज्याच्याखाली माणसे बसणार आहेत, किंवा ज्यात बसून माणसे समुद्रात जाणार आहेत, त्या मालाची पारख यंत्रावरच झाली पाहिजे. केरळात आलप्पुळाजवळ कलवूर येथे १९५९ सालापासून काथ्याची मध्यवर्ती संशोधन संस्था आहे. काथ्याचे तक्ते आज कारखान्यांत होतात आणि त्यांच्यासाठी भारतीय मानकही ठरलेले आहे. आपल्या जवळ भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र आहे. नारळाविषयी काही विचारायचे तर तिथे जावे.

दुकानदार म्हणेल, "घ्या हो, दगडासारखा माल आहे." तेव्हा रागावू नका, भांडू नका. शांतपणे विचारा, "याची पारख झाली आहे का? कागद दाखवा. भिजल्यावर किती वजन पेलतो ते कुठे लिहिले आहे?" पूर्वी आपण कागद हाती घेऊन दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत होतो. आता तो कागद तुम्ही स्वतः वाचू शकता. आकडा तुम्ही स्वतः ताडून पाहू शकता.

आमचा तो गडी आज वर्गात पुढच्या रांगेत बसला आहे. फळ्यांची वही तोच लिहितो. परवा त्याने दहा आकडे मांडले, बेरीज केली, भागाकार केला. मग वही आमच्यापुढे ठेवून म्हणाला, "हे आधी केले असते, तर मी पडलो नसतो."

त्यावर आम्ही काय बोलणार? उठा मंडळी, बादली भरून आणा. पहिली फळी मांडूया.